रान दमलंय

तीन वर्षांपूर्वी माझ्याकडे एक काम आलं. ब्राझीलमधल्या लहान शेतकऱ्यांसाठी तिकडे तयार झालेली साठेक पानांची एक पुस्तिका मराठीत आणायची होती. सोबत तिचा इंग्रजी अनुवादही दिला होता. मी पणजीत राहते, पोर्तुगीज इथेच शिकले, आणि जन्म शिरोळ तालुक्यातला, कृष्णाकाठच्या उसातला. हे काम आपलंच आहे असं वाटलं आणि मी लगेच हो म्हटलं.

सवयीप्रमाणे वहीत तीन रकाने आखले: इंग्रजी, पोर्तुगीज, मराठी. सुरुवातीचे शब्द भराभर उतरले. शेणखत, गांडूळ, निचरा, आच्छादन. एका ठिकाणी तर बरंच वाटलं. पुस्तिकेत माती वाहायच्या भांड्याला 'गामेला' म्हटलं होतं, आणि आपलं घमेलं त्याच पोर्तुगीज शब्दावरून आलेलं. चारशे-पाचशे वर्षांपूर्वी समुद्रावरून आलेला शब्द आमच्या गोठ्याच्या कोपऱ्यात उपडा पडलेला असायचा आणि आम्हाला तो परका असल्याचं कुणी सांगितलंही नव्हतं.

मग एक ओळ आली आणि मराठीचा रकाना रिकामा राहिला. इंग्रजीत सॉइल हेल्थ. पोर्तुगीजमध्ये साऊद दु सोलू. ब्राझीलमध्ये त्याचाच उच्चार साऊजी दु सोलू असा करतात.

यात अडण्यासारखं काय, असं कुणालाही वाटेल. शब्द तर तयारच आहे. १९ फेब्रुवारी २०१५ रोजी राजस्थानातल्या सुरतगढला केंद्र सरकारची योजना सुरू झाली आणि मराठीत तिचं नाव झालं मृद आरोग्य पत्रिका. आमच्याही घरी ती आहे. सातबारे आणि सोसायटीच्या पावत्या ज्या पिशवीत असतात त्याच पिशवीत. मातीतल्या बारा गोष्टींचे आकडे तिच्यात असतात. नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, मग जस्त, लोह, तांबं, मंगल, बोरॉन, आणि शेवटी सामू, क्षारता व सेंद्रिय कर्ब. कागद चांगला आहे, उपयोगाचा आहे. पण 'मृद' हा शब्द आमच्या घरात त्या कागदाखेरीज कुणाच्या तोंडी मी कधी ऐकलेला नाही. शेतकऱ्याच्या हातात जायच्या पुस्तिकेत तो घालायला मन होईना.

आप्पांना फोन लावला. सरळ त्यांच्याच भाषेत विचारलं, 'आप्पा, रान कसं हाय आपलं?'

'वरचं रान दमलंय,' ते म्हणाले. 'आन् खालचं तर गेलंच की.'

सात-आठ शब्दांत दोन रानांची दोन निदानं. मी ती तशीच वहीच्या कडेला लिहून ठेवली.

खालचं रान म्हणजे नदीकडचे तीस गुंठे. आमच्या भागातली काळी जमीन खोल, चिकट, पाणी धरून ठेवणारी. कोयनेचं धरण झालं, नदीवर उपसा योजना आल्या, बारमाही पाणी आलं आणि ऊस आला. पाणी द्यायचं सगळ्यांना माहीत होतं, काढायचं कुणाच्या मनात आलं नाही. जमिनीतली पाण्याची पातळी वर चढत गेली, वरचं पाणी उन्हानं उडत गेलं आणि क्षार तेवढे मागे राहिले. मी सातवी-आठवीत असताना त्या रानात उसाचे काही ठिपके पिवळे पडायला लागले. पुढच्या वर्षी ठिपके मोठे झाले. एका उन्हाळ्यात मी अनवाणी त्या रानातून गेले आणि घरी येऊन पाय धुताना आई म्हणाली, 'पायाला चुना कुठला लावलास गं?' तो चुना नव्हता. गावात त्याला मीठ फुटणं म्हणतात. आज तिथं वेडी बाभूळ आहे. आसपासच्या गावांतून जमिनीखाली सच्छिद्र पाईप घालून निचरा काढायची कामं झालीत आणि काही रानं परतही आलीत, पण एकट्याच्या तुकड्यात ते करून भागत नाही. पाणी न्यायला पुढं चर लागतो आणि चर शेजाऱ्याच्या रानातून जातो.

वरचं रान दोन एकर. त्याला मीठ फुटलेलं नाही. ऊस, मग खोडवा, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून फुटलेलं पीक, मग पुन्हा ऊस, असं पंचवीस वर्षं चाललेलं. पत्रिकेत त्याचे आकडे वाईट नाहीत. पालाश भरपूर, स्फुरद चांगलं. फक्त सेंद्रिय कर्बासमोर 'कमी' लिहिलेलं. पण नांगर घातला की ढेकळं निघतात ती दगडासारखी, पाऊस पडून गेला की पाणी सरीत उभं राहतं, वाफसा, म्हणजे मशागतीजोगी ओल, यायला आठ-आठ दिवस लागतात आणि आला की दोन दिवसांत उडतो. खताचं पोतं दरवर्षी एखादं वाढवायचं तेव्हा कुठं ऊस तेवढाच पडतो. याला आप्पा म्हणतात, दमलंय.

आता हा शब्द मी कुठल्या रकान्यात घालू?

शब्द उलगडून बघायची मला खोड आहे, म्हणून आधी तेच केलं. आरोग्य म्हणजे रोग नसणं. शब्दाची बांधणीच अशी की काय नाही ते सांगतो, काय आहे ते सांगत नाही. इंग्रजी हेल्थ मात्र जुन्या इंग्रजीतल्या सबंध, अखंड अशा अर्थाच्या शब्दातून आलाय. होल आणि हील ही त्याचीच भावंडं. पोर्तुगीज साऊद लॅटिन सालुसवरून आला, सुखरूप असणं, तरून जाणं या अर्थाचा. पेला उंचावताना ते साऊद म्हणतात आणि समोरचा शिंकला तरी साऊदच म्हणतात. आणि सोलू म्हणजे मुळात तळ, पायाखालची जागा. इंग्रजी ऐकणाऱ्याला सॉइल शब्दात मळवणंही ऐकू येतं, ते क्रियापद मुळात वेगळं असलं तरी. आपणही काही कमी नाही. मातीमोल, मातीत गेलं, आयुष्याची माती केली. ज्या मातीला काळी आई म्हणतो तिचंच नाव आपण नासाडीला दिलंय. मला हे फार लागतं.

मग कळलं की इंग्रजीतली ही कल्पना मराठी मुलखाला अगदी अनोळखी नाही. आल्बर्ट हॉवर्ड हा इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ १९२४ ते १९३१ इंदूरला होता, होळकरांच्या इंदूरला. तिथल्या संस्थेत त्यानं पालापाचोळा, शेण, गोमूत्र मुरलेली माती आणि राख यांचे थर रचून खत करायची पद्धत बसवली आणि तिला इंदूरचंच नाव दिलं. मातीचं, पिकाचं, जनावराचं आणि माणसाचं आरोग्य हा एकच विषय आहे, चार नव्हेत, हे तो पुढं आयुष्यभर लिहीत राहिला. हिंदुस्थानातल्या शेतकऱ्यांना आणि पिकावरच्या किडींना आपण आपले शिक्षक मानलं, असंही तो सांगायचा. नंतर ही कल्पना अमेरिकेतून सरकारी भाषेत आली. तिथल्या कृषी खात्याची व्याख्या मी तीनदा मराठीत लिहून खोडली. वनस्पती, प्राणी आणि माणसं यांना सांभाळणारी एक सजीव परिसंस्था म्हणून काम करत राहण्याची मातीची क्षमता, असा तिचा आशय. यातला 'सजीव' सगळ्यांच्या डोळ्यांत भरतो. मला 'राहण्याची' जास्त मोलाचा वाटतो. यंदा किती पिकलं हे त्या व्याख्येत विचारलेलंच नाही. पुढंही पिकत राहील का, एवढंच विचारलंय.

तरी एक खटकतंच. त्या व्याख्येत जमीन काम करते. आपल्याकडं जमीन पिकते. 'यंदा रान पिकलं न्हाई' म्हणताना कर्ता रान असतं, शेतकरी नसतो. पोर्तुगीजमध्येही जमीन देते असंच म्हणतात. १ मे १५०० रोजी पेरू वाझ द कामिन्या नावाच्या लेखनिकानं ब्राझीलच्या किनाऱ्यावरून पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहिलं. ही भूमी इतकी प्रसन्न आहे, इथे इतकं पाणी आहे की करायचं म्हटलं तर इथे सगळं होईल, असं त्यात आहे. लोकांच्या तोंडी पुढं त्याचं झालं, लावाल ते येईल. तो ज्या गलबतातून आला होता ते तिथं थांबलं नाही. पोर्तुगीज दर्यावर्दी काब्रालचा तो ताफा पुढं आपल्याच किनाऱ्याला, कालिकतला आला, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात तिथल्या झटापटीत कामिन्या मारला गेला. ब्राझीलच्या मातीचं पहिलं कौतुक लिहिणारा माणूस मलबारच्या मातीत गेला.

लावाल ते येईल, या भरवशावर पुढची चारशे वर्षं चालली. एकोणिसाव्या शतकात रिओ आणि साव पावलूच्या मधल्या पाराइबा नदीच्या खोऱ्यात डोंगरउतारावरचं जंगल तोडून कॉफी लावली, तीही गुलामांच्या हातांनी. झाडांच्या ओळी वर-खाली, उताराच्या दिशेनं. काही दशकांत माती धुऊन गेली आणि मळेवाले पश्चिमेकडे नवं जंगल तोडायला सरकले. मागं राहिली त्या जमिनीला ब्राझीलमध्ये एक शब्द आहे. पुस्तिकेत तो मला चौदाव्या पानावर भेटला: तेर्रा कान्सादा. दमलेली जमीन.

मी खुर्चीतून उठले आणि खिडकीशी जाऊन उभी राहिले. आप्पांनी ब्राझील नकाशात कधी बघितला असेल तर शाळेत, चौथीपर्यंतच्या. आणि मिनास जेराइसमधला कुणी शेतकरी आणि ते, दोघं आपल्या रानाबद्दल अक्षरशः एकच शब्द वापरत होते. इंग्रजी अनुवादकानं तिथं नुसतं झिजलेली जमीन अशा अर्थाचं लिहिलं होतं. झिजते वस्तू. दमतो तो जीव असतो.

त्याच संध्याकाळी पुन्हा फोन केला आणि आप्पांना हे सांगितलं. थोडा वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, 'दमल्याला च्या पाजून किती चालवशील? निजू द्यावं लागतंय.'

पड ठेवणं परवडत नाही हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. दोन एकरांत घर चालतं. पण पुस्तिकेत पड न ठेवताही जमिनीला विसावा द्यायची एक गोष्ट होती आणि ती ज्या मातीत घडली ती माती आमची नातेवाईक निघाली. दक्षिण ब्राझीलच्या पाराना राज्याखाली बेसाल्टचा खडक आहे, आपल्या दख्खनसारखाच थरांवर थर साचलेला लाव्हा. आपला सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, त्यांचा त्याच्या दुप्पट जुना. आपल्याकडं कोरड्या-ओल्या ऋतूंत त्याची काळी माती झाली. तिकडं जास्त पावसात गर्द लाल. इटलीहून आलेले कॉफीमजूर तिला आपल्या भाषेत रोस्सा, म्हणजे लाल म्हणायचे. पोर्तुगीज कानांनी ते रोशा ऐकलं, आणि रोशा म्हणजे जांभळा. तेव्हापासून त्या लाल मातीचं नाव तेर्रा रोशा, जांभळी माती. अनुवादातली एक चूक अख्ख्या प्रदेशाच्या मातीला चिकटून बसली. माझ्यासारखीनं हे वाचून जास्तच जपून शब्द लिहायला हवेत.

याच पारानातल्या रोलांदिया गावात हर्बर्ट बार्ट्झ नावाचा शेतकरी होता. १९७१ साली मुसळधार पावसात नांगरलेल्या रानातून माती आणि पेरलेलं बी डोळ्यांदेखत वाहून जाताना त्यानं पाहिलं. पुढच्या वर्षी तो जर्मनी, इंग्लंड, अमेरिका फिरून आला, न नांगरता पेरायचं यंत्र मागवलं आणि १९७२ मध्ये सोयाबीन तसंच पेरलं, आधीच्या पिकाच्या काडात. शेजारीपाजारी त्याला वेडा म्हणायचे. ब्राझीलमध्ये या पद्धतीला प्लांतियू दिरेतू म्हणतात आणि आज तिथं कोट्यवधी एकरांवर ती चालते. रानावर पसरलेल्या काडाला शब्द आहे पाल्यादा. हा शब्द मात्र मराठीच्या रकान्यात लिहायला मला एक क्षणही लागला नाही. पाचट.

आमच्याकडं ऊस तुटला की पाचट पेटवतात. लहानपणी ती आमची होळी असायची. आभाळ तांबडं व्हायचं, राखेच्या काळ्या वाती अंगणात, वाळत घातलेल्या कपड्यांवर पडायच्या. ब्राझीलमध्ये तोडणी सोपी व्हावी म्हणून उभा ऊसच जाळायचे. साव पावलू राज्यानं २००२ मध्ये कायदा करून ते टप्प्याटप्प्यानं बंद करायला घेतलं. आपल्याकडं पाचट ठेवा, कुजवा, असं कृषी खातं कित्येक वर्षं सांगतंय. काही जण ठेवतातही. पण पाचटात उंदीर होतात, पाणी पुढं सरकत नाही, खोडव्याची मशागत करता येत नाही, अशी कारणं असतात आणि ती खोटी नाहीत. आगपेटी सोपी पडते.

आना प्रिमावेझी ही बाई या पुस्तिकेच्या ओळीओळीत आहे. १९२० साली ऑस्ट्रियात जन्मली, महायुद्धानंतर ब्राझीलला गेली, तिथल्या विद्यापीठात शिकवलं, शेतीही केली आणि २०२० च्या जानेवारीत, शंभरीला काही महिने उरले असताना गेली. थंड देशातली माती आणि उष्ण देशातली माती यांना एकच औषध देऊ नका, हे तिनं जन्मभर सांगितलं. युरोपात बर्फाखालून निघालेली जमीन ऊन लागावं म्हणून उघडी करतात. इथं ऊनच मारतं, इथं ती झाकून ठेवा. तण बघून ती मातीचं दुखणं ओळखायची. गुआंशुमा नावाचं चिवट तण दिसलं की खाली जमीन घट्ट बसलीय असं समजा, असं ती सांगायची. गुआंशुमा म्हणजे आपल्या चिकण्याच्या कुळातलं. आमच्या वरच्या रानाच्या कडेनं चिकणा कंबरभर माजलेला असायचा. आप्पा तो उपटायचे तेव्हा निम्मा तुटून हातात यायचा, निम्मं मूळ खालीच. मी कितीदा तरी मागं उभी राहून ते पाहिलंय. माहिती समोर होती, वाचता येत नव्हती.

पुस्तिकेतला मला सर्वांत आवडलेला भाग प्रयोगशाळेचा आहे. ब्राझीलच्या सरकारी कृषी संशोधन संस्थेनं, एम्ब्रापानं, २०२० मध्ये माती तपासायची एक नवी पद्धत शेतकऱ्यांसाठी खुली केली. इएदा मेंदेस आणि त्यांचे सहकारी दोन दशकं त्यावर काम करत होते. तिच्यात नत्र-स्फुरदाच्या जोडीनं दोन विकरं, म्हणजे एन्झाइम, मोजतात, बीटा-ग्लुकोसिडेज आणि अरिलसल्फाटेज. पहिलं काडीकचरा कुजवण्याच्या कामातलं, दुसरं गंधकाच्या. ही विकरं मातीतले सूक्ष्मजीव बनवतात. रासायनिक अहवाल जवळपास सारखे असलेल्या दोन रानांत पीक मात्र वेगळं येतं, असं त्यांना दिसायचं. फरक या विकरांत सापडला. ज्या रानात काड ठेवलं जायचं, दोन पिकांच्या मध्ये गवत वाढू दिलं जायचं, तिथं ती कितीतरी जास्त होती.

आणि यातली विलक्षण गोष्ट अशी की सूक्ष्मजीव मेल्यानंतरही त्याचं विकर लगेच नाहीसं होत नाही. चिकणमातीच्या कणांना, कुजलेल्या सेंद्रिय पदार्थाला ते धरून राहतं. म्हणजे आज मोजलं तरी गेल्या कित्येक हंगामांत त्या रानाला कसं वागवलं ते त्यात उमटलेलं असतं. तिकडचे संशोधक याला मातीची स्मृती म्हणतात.

'स्मृती' लिहून मी थांबले. याला तर आपल्याकडं शब्द आहे. बेवड.

शहरात वाढलेल्यांना हा शब्द सांगावा लागेल. आधीचं पीक निघून गेल्यावर त्याचं जे बरं-वाईट जमिनीत राहतं आणि पुढच्या पिकाला मिळतं, ते बेवड. हरभऱ्याचा बेवड चांगला, तागाचा चांगला. 'सोयाबीनच्या बेवडावर गहू बघ कसा आलाय,' असं माणसं सहज बोलतात. कुठलं पीक काय ठेवून गेलं हे जमीन विसरत नाही, हे आमच्या आज्या-पणज्यांना कुठलंही विकर न मोजता ठाऊक होतं, आणि त्यांनी त्याचा एक शब्द करून आपल्या हाती ठेवला. उसामागं ऊस, त्यामागं खोडवा, असं करत गेलं की शब्द जिभेवर राहतो, रानातून जातो. आमच्या वरच्या रानात पंचवीस वर्षांत बेवड असा झालाच नव्हता.

पुस्तिकेत घरी करून बघायचा एक प्रयोग दिलाय. त्या दिवाळीला गावी गेले तेव्हा केला. वरच्या रानातलं एक वाळलेलं ढेकूळ आणि त्याच रानाच्या बांधावरचं, गवताच्या मुळांतलं एक ढेकूळ, दोन्ही लिंबाएवढी. काचेचे दोन ग्लास पाण्यानं भरले, वर चहाच्या गाळण्या ठेवल्या आणि ढेकळं त्यांत अशी ठेवली की पाण्यात बुडतील. ओट्यावर मी, आई, आप्पा आणि शेजारची दोन पोरं.

बांधावरच्या ढेकळातून बारीक बुडबुडे यायला लागले आणि येतच राहिले. ढेकूळ जागचं हललं नाही. रानातलं ढेकूळ आधी कडेनं सुटलं, मग मधून चिरलं आणि मिनिटाभरात बसलंच. गाळणीतून गढूळ रेघा खाली उतरल्या, पाणी चहासारखं झालं. आईनं दुसऱ्या ग्लासामागं बोट धरून बघितलं, बोट दिसेना. माती तीच, खडक तोच. मधे बांधाची हातभर उंची. एका बाजूला नांगर, पाणी आणि खत; दुसऱ्या बाजूला पन्नास वर्षं कुणी हात लावला नव्हता. मातीचे कण एकमेकांना धरून ठेवणारा डिंक मुळं, बुरशी आणि गांडुळं बनवतात. आमच्या रानात तो बनवणारंच कुणी उरलेलं नव्हतं.

आप्पा ग्लासाकडं बघत राहिले. 'बांध कोरला न्हाई ते बरं केलं,' एवढंच म्हणाले. त्या हंगामात त्यांनी पाचट पेटवलं नाही.

गोव्याला परत आल्यावर मी सुट्टीच्या दिवशी दिवाडी बेटावर फिरायला जायचे. तिथं मांडवीच्या कडेनं खाजन शेती आहे. भरतीचं खारं पाणी बांध घालून अडवायचं, पावसाळ्यात गोड्या पाण्यानं मीठ धुऊन निघालं की भात लावायचं आणि भात निघाल्यावर मानस उघडून खारं पाणी पुन्हा आत घ्यायचं, मासे आणि सुंगटांसाठी, म्हणजे कोळंबीसाठी. मानस म्हणजे बांधातलं लाकडी दार, भरती-ओहोटीच्या जोरानं आपोआप मिटणारं-उघडणारं. इथं लावतात ते कोरगुट भात खारट जमिनीतही येतं. ही सगळी व्यवस्था गावकरी, म्हणजे गावसंस्था सांभाळायची. पोर्तुगीज आले तेव्हा ती इतकी जुनी आणि पक्की होती की १५२६ मध्ये आफोन्सू मेशिया या त्यांच्या अधिकाऱ्यानं तिचे रीतिरिवाज फोराल नावाच्या दस्तऐवजात लिहून घेतले. साऊद दु सोलू हा शब्दप्रयोग त्या भाषेत यायला अजून शेकडो वर्षं होती. पण बांध कुणी दुरुस्त करायचा, पाणी कुणी अडवायचं, हे त्या भाषेत लिहिलेलं होतं, गोव्याच्या मातीबद्दल.

एका मे महिन्यात मी त्या बांधावर उभी होते आणि समोर वाळलेल्या खाजनावर पांढरी साय आलेली. तसंच मीठ, जे माझ्या पायाला चुन्यासारखं लागलं होतं. आमच्याकडं त्यानं तीस गुंठे खाल्ले. इथं ते शेतीच्या वर्षाचा एक ऋतू आहे. दोन महिन्यांनी पाऊस ते धुऊन नेणार आणि तिथं रोप लागणार, फक्त बांध उभा आणि मानस चालता हवा. बांध फुटले, कुणी दुरुस्त केले नाहीत, अशी खाजनंही मी पाहिलीत. तिथं आता खारफुटी आणि डासांचं पाणी आहे. दोन्हीकडच्या मातीचा नुसता कागद बघितला तर क्षारतेच्या आकड्यावर दोन्ही आजारीच ठरतील.

त्या दिवशी बांधावरून चालताना रिकाम्या रकान्याचं उत्तर सापडलं. आपण मराठीत तब्येत विचारताना म्हणतो, 'प्रकृती कशी आहे?' प्रकृती म्हणजे ज्याचा त्याचा मूळ स्वभाव. तब्येत हा अरबीतून आलेला शब्द, त्याचाही मूळ अर्थ तोच. आजारी माणसाला आपण त्याचा स्वभाव परत मिळाला का, असं विचारत असतो. खाजनाची प्रकृती खारी, आमच्या काळीची पाणी धरणारी, पारानाच्या लालीची वाहून जाणारी. ज्याला आपल्या प्रकृतीप्रमाणं राहता येतं ते रान धड. पुस्तिकेत मी सगळीकडं 'जमिनीची तब्येत' लिहिलं. संपादकांनी मृदा आरोग्य करूया का असं विचारलं तेव्हा मी शांतपणे तीन पानी पत्र लिहिलं. शब्द राहिला. तेर्रा कान्सादाच्या जागी दमलेली जमीन, आणि मातीच्या स्मृतीच्या जागी बेवड, तेही राहिले.

यंदाच्या दिवाळीला पुन्हा ग्लास काढले. वरच्या रानात पाचटाचं हे तिसरं वर्ष. मधे एकदा ऊस मोडून आप्पांनी ताग पेरला आणि फुलावर आल्यावर गाडला. पैशाची ओढ झाली त्या वर्षी, आईच्या बांगड्या सोसायटीत काही महिने राहिल्या. उंदरांनी खोडवा खाल्ला तो निराळाच. पण सरीतलं पाचट काठीनं बाजूला केलं की खाली ओल असते आणि पांढऱ्या सुतासारखी बुरशी पसरलेली दिसते. गांडुळं मी मोजली, एका खोऱ्यात चार. बांधावर अकरा निघाली.

या वेळी दोन ढेकळं आप्पांनीच आणली. बांधाचं तसंच बसून राहिलं. रानातलं कडेनं सुटायला लागलं, खाली गाळ उतरला, पाणी गढूळ झालं, आणि मी मनात म्हटलं, झालं. पण ते बसलं नाही. बाहेरचं सगळं गळून गेलं आणि मधे सुपारीएवढा एक गोळा गाळणीत राहिला. पाच मिनिटं, दहा मिनिटं. आई आत जाऊन कुकर बंद करून आली तरी तो तसाच होता.

आप्पांनी गाळणी उचलली, तो गोळा तळहातावर घेतला, अंगठ्यानं दाबून बघितला आणि नाकाजवळ नेला.

'वास आलाय,' ते म्हणाले आणि हात माझ्यापुढं केला.